थ्रेड वाढवले तरी प्रोग्राम मंदच? शेअर्ड आणि लोकल व्हेरिएबलचा हिशेब असा लावा

एका थ्रेडवर दहा सेकंदांत होणारं काम तुम्ही आठ थ्रेडना वाटून दिलं. वेळ दीड सेकंदाच्या आसपास यायला हवा होता, पण तो बारा सेकंदांवर गेला. उत्तर बरोबर येतंय, प्रोग्राम कुठे कोसळत नाही, आठही कोअर शंभर टक्के व्यस्त दिसतायत. मल्टिथ्रेडिंग शिकणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. अशा वेळी कोड कितीही वेळा वाचला तरी काही हाती लागत नाही, कारण लॉजिक बरोबरच असतं. अडचण असते ती व्हेरिएबल मेमरीत कुठे बसलंय आणि त्यात कोण कोण लिहितंय, यात.

तुम्हाला सी किंवा सी प्लस प्लसमध्ये थ्रेड सुरू करता येतो, म्यूटेक्स कशासाठी असतो ते माहीत आहे, पण प्रोसेसरच्या आत काय घडतं ते कधी पाहिलेलं नाही, असं धरून मी लिहितोय. जावा, रस्ट किंवा गो वापरत असाल तरी बहुतेक सगळं लागू पडेल, कारण खालचं हार्डवेअर तेच आहे.

पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती आधीच सांगतो. डेटा शेअर केल्याने प्रोग्राम मंदावत नाही. शेअर केलेल्या जागेत अनेक कोअर वारंवार लिहायला लागले की मंदावतो.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- किमान चार खरे कोअर असलेलं लिनक्स मशीन. व्हर्च्युअल मशीनवर प्रोसेसरमधल्या घटना मोजणारे हार्डवेअर काउंटर बऱ्याचदा बंद असतात आणि मग शेवटच्या पायऱ्यांमधलं टूल चालत नाही.
- जीसीसी किंवा क्लँगची अलीकडची आवृत्ती. थ्रेडमधल्या चुकीच्या शर्यती पकडणारा थ्रेड सॅनिटायझर दोन्हींसोबत येतो.
- प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणारं पर्फ हे टूल. ते कर्नलच्या आवृत्तीशी जुळणारं असावं.
- थ्रेड कुठल्या कोअरवर चालेल ते ठरवण्यासाठी टास्कसेट, आणि मशीनची रचना पाहण्यासाठी एलएससीपीयू.
- तुमच्या प्रोग्रामची एका थ्रेडवर चालणारी साधी आवृत्ती, जिच्या उत्तरावर तुमचा पूर्ण विश्वास आहे.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच टाकून देतात.

## १. आधी खरा पाया मोजा

समांतर प्रोग्राम एका थ्रेडवर चालवून मिळालेला वेळ म्हणजे पाया नव्हे. त्यात लॉक आणि ॲटॉमिक क्रिया (मध्ये दुसऱ्या थ्रेडला शिरता येणार नाही अशी अखंड वाचन-लेखनं) तशाच असतात, म्हणून तो आधीच फुगलेला असतो. लॉक नसलेली, थ्रेड नसलेली साधी आवृत्ती मोजा. मग समांतर आवृत्ती १, २, ४, ८ थ्रेडवर मोजा. प्रत्येक मोजमाप अनेकदा घ्या आणि आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडा.

आता या आकड्यांचा कल बघा. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम तुम्ही ऐकला असेल: कामाचा ५ टक्के भाग एकापाठोपाठ एकच करता येत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग २० पटीच्या वर जात नाही. पण या नियमातला वेग वाढत वाढत सपाट होतो, तो उलटा फिरत नाही. तुमच्याकडे दोनावरून चार थ्रेडवर जाताना वेळ *वाढत* असेल, तर दोष ॲमडालच्या माथी मारू नका. कोअर एकमेकांच्या आड येतायत, आणि बहुतेक वेळा ते एखाद्या शेअर्ड व्हेरिएबलवरच येतात.

मोजताना ऑप्टिमायझेशन चालू ठेवा, निदान ओ२ पातळीचं (कंपायलरचा -O2 पर्याय). ते बंद असेल तर लोकल व्हेरिएबलसुद्धा दर वेळी स्टॅकवर लिहिलं-वाचलं जातं, आणि लोकल-शेअर्ड तुलना निरर्थक होते.

याच्या उलट बाजूचाही एक सापळा आहे. शिकण्यासाठी लोक एक छोटा प्रयोग लिहितात: साधं ग्लोबल काउंटर, ते दहा कोटी वेळा एकाने वाढवणारा लूप. ओ२ वर कंपायलर तो लूप गुंडाळून एकदाच ‘दहा कोटी मिळवा’ असं करून टाकतो. मग वेळ जवळजवळ शून्य येतो आणि ‘शेअर्ड व्हेरिएबलने काहीच फरक पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. प्रयोगाचं काउंटर ॲटॉमिक ठेवा, किंवा लूपमध्ये कंपायलरला टाळता येणार नाही असं खरं काम द्या.

## २. व्हेरिएबल खरोखर लोकल आहे का ते तपासा

फंक्शनच्या आत घोषित केलं म्हणजे लोकल, बाहेर केलं म्हणजे शेअर्ड, ही व्याख्या भाषेच्या पुस्तकापुरती ठीक आहे. प्रोसेसरला यातलं काही कळत नाही. त्याच्यासाठी फक्त रजिस्टर, म्हणजे कोअरच्या आतल्या मोजक्या अतिजलद जागा, आणि मेमरीतले पत्ते असतात.

फंक्शनमधलं साधं व्हेरिएबल, ज्याचा पत्ता कुणाला दिलेला नाही, ते कंपायलर शक्यतो रजिस्टरमध्येच ठेवतो. त्याची बेरीज मेमरीला हात न लावता होते, साधारण एका सायकलमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्यात. रजिस्टर कमी पडले तर ते स्टॅकवर जातं. प्रत्येक थ्रेडचा स्टॅक वेगळा असल्यामुळे ती जागा त्या कोअरच्या पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये, म्हणजे कोअरला लागून असलेल्या छोट्या जलद मेमरीत, निवांत बसते. ग्लोबल व्हेरिएबल किंवा पॉइंटरमधून मिळालेली जागा असेल तर कंपायलरचे हात बांधलेले असतात. दुसरा एखादा पॉइंटर त्याच जागेकडे बोट दाखवत असेल ही शक्यता तो सहसा नाकारू शकत नाही, म्हणून लूपच्या प्रत्येक फेरीत तो किंमत मेमरीत लिहीत राहतो. त्यामुळे बेरीज लोकल व्हेरिएबलमध्ये साठवायची सवय एका थ्रेडच्या प्रोग्राममध्येही फायद्याची ठरते.

लोकल वाटणारी पण लोकल नसलेली व्हेरिएबल ओळखायला शिका:

- फंक्शनच्या आतलं स्टॅटिक व्हेरिएबल. सगळ्या थ्रेडसाठी ते एकच असतं.
- लॅम्बडाने संदर्भाने पकडलेलं व्हेरिएबल. दिसतं शेजारच्या ओळीत, पण आठही थ्रेड त्याच एका पत्त्यावर लिहीत असतात.
- ज्याचा पत्ता दुसऱ्या थ्रेडला दिला आहे असं स्टॅकवरचं व्हेरिएबल.
- क्लासचा सदस्य. ऑब्जेक्ट शेअर्ड असेल तर सदस्यही शेअर्ड. मेथडमध्ये त्याचं नाव इतकं सहज येतं की ही बाब नजरेतून सुटते.

## ३. कॅश लाइन समजून घ्या. बाकी सगळं इथून निघतं

या पायरीवर घाई करू नका.

प्रत्येक कोअरला स्वतःचा कॅश असतो, आणि मेमरी त्या कॅशमध्ये बाइट-बाइटने येत नाही. ती ठरावीक आकाराच्या तुकड्यांत येते, त्या तुकड्याला कॅश लाइन म्हणतात. एक्स८६ प्रोसेसरवर ही लाइन ६४ बाइटची असते, ॲपलच्या एम मालिकेत १२८ बाइटची. तुम्ही ८ बाइटचं एक काउंटर वाचलं तरी त्याच्या आजूबाजूचे ५६ बाइट सोबत येतात.

एकच लाइन अनेक कोअरच्या कॅशमध्ये असेल तर सगळ्यांना एकच किंमत दिसली पाहिजे. त्यासाठी कोअर आपसांत एक शिस्त पाळतात. तिचं मूळ रूप मेसी या नावाने ओळखलं जातं, आणि आजचे इंटेल, एएमडी त्याचीच वाढवलेली रूपं वापरतात. त्यात लाइनच्या चार अवस्था असतात: बदललेली, एकट्याकडे असलेली, अनेकांकडे असलेली आणि बाद झालेली. नावं पाठ करू नका, दोन नियम लक्षात ठेवा. वाचायला लाइन कितीही कोअरकडे एकाच वेळी असू शकते. लिहायला मात्र ती एकट्याकडेच असावी लागते, आणि लिहिण्याआधी बाकी सगळ्यांच्या प्रती बाद कराव्या लागतात.

दोन कोअर एकच ॲटॉमिक काउंटर वाढवतायत तेव्हा काय होतं ते सावकाश पाहू. पहिल्या कोअरने लाइन स्वतःकडे घेतली आणि ५ चे ६ केले. दुसऱ्या कोअरला वाढवायचंय, पण त्याच्याकडची प्रत बाद झाली आहे. तो लाइन मागतो, पहिल्याकडून बदललेली लाइन त्याच्याकडे येते, पहिल्याची प्रत बाद होते. दुसरा ६ चे ७ करतो. आता पहिल्याला पुन्हा वाढवायचंय, म्हणजे लाइन परत मागवायची. प्रत्यक्ष बेरीज क्षुल्लक आहे; वेळ जातो तो लाइन इकडून तिकडे नेण्यात.

किती जातो? स्वतःच्या पहिल्या पातळीच्या कॅशमधून वाचायला आजच्या प्रोसेसरवर ४-५ सायकल लागतात. दुसऱ्या पातळीवर साधारण १२ ते १५, सामायिक तिसऱ्या पातळीवर ४० च्या पुढे. दुसऱ्या कोअरने बदललेली लाइन आणायची तर वेळ दहा-दहा नॅनोसेकंदांत मोजावा लागतो, आणि तो कोअर दुसऱ्या सॉकेटवर, म्हणजे त्याच मशीनमधल्या वेगळ्या प्रोसेसर चिपवर, असेल तर शंभर नॅनोसेकंदांच्या घरात जातो. तीन गिगाहर्ट्झच्या कोअरसाठी शंभर नॅनोसेकंद म्हणजे तीनशे सायकल. रजिस्टरमध्ये एका सायकलमध्ये होणारी बेरीज इतकी महाग पडते. शिवाय या सगळ्या काळात कोअर टॉप कमांडमध्ये शंभर टक्के व्यस्तच दिसतो, कारण लाइनची वाट पाहणं हेही ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी कामच.

## ४. गरम (सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या) लूपमधल्या व्हेरिएबलची यादी काढा

पर्फ रेकॉर्ड चालवून सगळ्यात जास्त वेळ खाणारा लूप शोधा आणि त्यात वाचली किंवा लिहिली जाणारी प्रत्येक जागा कागदावर लिहा. प्रत्येकीपुढे दोनच प्रश्न: कोण लिहितं, आणि किती वेळा?

सुरुवातीला एकदा भरली जाणारी आणि नंतर फक्त वाचली जाणारी गोष्ट, म्हणजे तक्ते, सेटिंग, मोठा इनपुट ॲरे, बिनधास्त शेअर करा. ‘शेअर्ड वाईट’ असं ऐकून काही जण प्रत्येक थ्रेडला इनपुटची वेगळी प्रत देतात. त्याने कॅश भरून जातो आणि प्रोग्राम आणखी मंदावतो.

क्वचित लिहिली जाणारी, पण सतत वाचली जाणारी गोष्ट, उदाहरणार्थ ‘आता थांबा’ असं सांगणारा झेंडा, हीसुद्धा स्वस्त असते. तो ॲटॉमिक हवा एवढंच, आणि त्याच लाइनवर शेजारी एखादं सतत बदलणारं काउंटर नसावं.

प्रत्येक फेरीत, प्रत्येक थ्रेडकडून लिहिली जाणारी गोष्ट दिसली की तिथे लाल खूण करा. पुढच्या पायऱ्या तिच्यासाठी आहेत.

## ५. लिहिणं लोकल करा, शेवटी एकदाच जुळवा

एक ठोस उदाहरण घेऊ. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचं कृष्णधवल चित्र आहे, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. ० ते २५५ यातली प्रत्येक छटा किती वेळा येते ते मोजायचंय. २५६ खाने, प्रत्येक ८ बाइटचा.

पहिला विचार असा येतो: एकच शेअर्ड ॲरे, प्रत्येक खाना ॲटॉमिक, आठ थ्रेडनी आपापला पट्टा वाचत जायचं. उत्तर बरोबर येतं. पण १ कोटी २० लाख ॲटॉमिक क्रिया होतात, आणि २५६ खाने मिळून लाइन फक्त ३२. चित्र रात्रीचं असेल तर बहुतेक पिक्सेल ० ते ७ याच छटांचे, आणि ते आठ खाने मिळून बरोबर एक लाइन होते. म्हणजे गडद चित्राला उजळ, विविध छटांच्या चित्रापेक्षा जास्त वेळ लागतो. पिक्सेल तेवढेच आणि कोडही तोच असताना इनपुटनुसार वेळ असा बदलताना दिसला, तर शेअर्ड लेखनाचा संशय नक्की घ्या.

आता प्रत्येक थ्रेडला फंक्शनच्या आत स्वतःचे २५६ खाने द्या. त्यांची जागा २ किलोबाइट. पहिल्या पातळीचा डेटा कॅश साधारण ३२ किंवा ४८ किलोबाइटचा असतो, त्यात ती आरामात मावते. थ्रेड आपला पट्टा संपेपर्यंत फक्त स्वतःच्या खान्यांत लिहितो, ॲटॉमिक काहीच नाही. शेवटी लॉक घेऊन आपले खाने मुख्य ॲरेत मिळवतो. आठ थ्रेडच्या मिळून २०४८ बेरजा झाल्या, आधी १ कोटी २० लाख होत्या.

ओपनएमपी (लूप थ्रेडमध्ये वाटून देणाऱ्या कंपायलर-सूचनांचा संच) वापरत असाल तर हेच काम रिडक्शन हा शब्द करतो. साध्या बेरजेसाठी तो पहिल्यापासून आहे. सी आणि सी प्लस प्लसमध्ये ॲरेचं रिडक्शन २०१५ च्या ४.५ आवृत्तीपासून मिळतं. स्वतः लिहिण्यापेक्षा तेच वापरा.

या पायरीवर दोन गोष्टी जपा. दशांश संख्यांची बेरीज असेल तर जुळवण्याचा क्रम बदलल्याने शेवटचे काही अंक बदलतात. निकालाची तुलना करताना ठरावीक फरकाची मुभा ठेवा, नाहीतर नसलेला बग शोधत बसाल. आणि खाने २५६ नसून काही कोटी असतील, तर प्रत्येक थ्रेडला वेगळी प्रत देणं परवडत नाही. तेव्हा इनपुटऐवजी खानेच थ्रेडमध्ये वाटून देण्याचा विचार करा.

आता थ्रेड_लोकल घोषणेबद्दल, जी प्रत्येक थ्रेडला व्हेरिएबलची वेगळी प्रत देते. सी प्लस प्लस ११ पासून भाषेतच असलेली ही सोय चांगली आहे, पण तिला फुकट समजू नका. मुख्य प्रोग्राममध्ये ती जवळजवळ साध्या मेमरीइतकी जलद असते. शेअर्ड लायब्ररीत मात्र प्रत्येक वापरामागे एक फंक्शन कॉल येऊ शकतो, आणि व्हेरिएबलला कन्स्ट्रक्टर असेल तर ‘तयार झालं का’ ही तपासणीही. लूपच्या आधी त्याचा संदर्भ एका लोकल नावात घेऊन ठेवा. थ्रेड पूल असेल तर आणखी एक काळजी: थ्रेड तोच राहतो, काम बदलतं, आणि मागच्या कामाची किंमत तशीच पडून असते. काम सुरू करताना ती पुसा.

## ६. फॉल्स शेअरिंग: वेगळी व्हेरिएबल, पण लाइन एकच

पाचवी पायरी वाचून बहुतेक जण पुढचा प्रयोग करतात: आठ थ्रेडसाठी आठ काउंटरचा ॲरे, प्रत्येक थ्रेड फक्त आपल्या क्रमांकाच्या काउंटरमध्ये लिहिणार. कुणी कुणाच्या जागेत लिहीत नाही, लॉकची गरज नाही, तर्क अगदी बरोबर. तरीही वेग वाढत नाही, कारण आठ गुणिले आठ म्हणजे ६४ बाइट, म्हणजे आठही काउंटर एकाच कॅश लाइनवर. कॅशला व्हेरिएबल दिसत नाहीत, लाइन दिसते. प्रत्येक लेखनाला तीच मागवामागवी होत राहते.

यावर उपाय दोन. सगळ्यात चांगला हा की लूपमध्ये लोकल व्हेरिएबलच वापरायचं आणि ॲरेत शेवटी एकदाच लिहायचं. मग ॲरे एका लाइनवर असला तरी काही बिघडत नाही. ते जमत नसेल, कारण दुसऱ्या कुणाला काउंटर मधूनमधून वाचायचंय, तर प्रत्येक काउंटर वेगळ्या लाइनवर ढकला: स्ट्रक्टला अलाइनॲज (सुरुवातीचा पत्ता ठरावीक पटीत ठेवणारा शब्द) लावून ६४ बाइटवर बसवा. काही इंटेल प्रोसेसर लाइन जोडीने आगाऊ आणतात आणि ॲपलची लाइनच १२८ ची आहे, म्हणून बरेच जाणकार १२८ वापरतात. सी प्लस प्लस १७ मध्ये यासाठी प्रमाणित स्थिरांकही आहे, पण तो कंपाइल करतानाच ठरतो. प्रोग्राम ज्या मशीनवर चालेल त्या मशीनचा आकार तो सांगत नाही.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे स्ट्रक्टच्या शेवटी ५६ रिकामे बाइट ठेवायचे आणि काम झालं असं समजायचं. स्ट्रक्ट ६४ बाइटचं झालं खरं, पण मॅलॉककडून मिळणारा पत्ता सहसा १६ च्या पटीतला असतो, ६४ च्या नाही. शेजारच्याच कुणा वेगळ्या डेटाचं लेखन तुमच्या लाइनवर येऊ शकतं. आकार आणि सुरुवातीचा पत्ता, दोन्ही जुळायला हवेत.

स्वतःच्या स्ट्रक्टमध्ये पुढच्या जोड्या शोधा: रांगेचं डोकं आणि शेपूट, ज्यात एक थ्रेड एकीकडे आणि दुसरा दुसरीकडे लिहितो; सतत वाचायचं सेटिंग आणि त्याला चिकटून असलेलं आकडेवारीचं काउंटर. या जोड्या तोडायच्या. मात्र दिसेल तिथे पॅडिंग, म्हणजे रिकामे बाइट, भरू नका. ज्यात फक्त एक थ्रेड लिहितो आणि जे एकत्रच वाचलं जातं ते जवळ असण्यातच फायदा आहे.

## ७. लपलेली शेअर्ड व्हेरिएबल

तुमच्या कोडमध्ये एकही शेअर्ड व्हेरिएबल दिसत नाही आणि तरी प्रोग्राम अडतो, तेव्हा ती लायब्ररीत दडलेली असतात.

शेअर्ड पॉइंटरची प्रत काढली की त्यातला संदर्भ-गणक ॲटॉमिक क्रियेने वाढतो, प्रत नष्ट झाली की घटतो. आठ थ्रेड तोच पॉइंटर फंक्शनला किंमत म्हणून देत असतील तर डेटा फक्त वाचला जात असूनही लेखन धडाधड चालू असतं. फंक्शनला संदर्भ द्या.

वाचक-लेखक लॉकबद्दलचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. ‘सगळे वाचकच आहेत, मग अडथळा कसला?’ पण किती वाचक आत आहेत हे साध्या बांधणीच्या लॉकमध्ये एका शेअर्ड गणकात लिहावं लागतं. आतलं काम अगदी छोटं असेल तर ती लाइनच अडथळा होते आणि वाचक-लेखक लॉकचा साध्या म्यूटेक्सवर काहीच फायदा उरत नाही.

लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचं, म्हणजे जीलिबसीचं, रँड फंक्शन आतून लॉक घेतं. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा यादृच्छिक संख्या-जनित्र द्या. प्रिंटएफही आउटपुटच्या प्रवाहावर लॉक घेतं, म्हणून गरम लूपमधून छापणं काढा. प्रगती दाखवणारं काउंटर प्रत्येक फेरीला वाढवण्याऐवजी हजार फेऱ्यांनी एकदा वाढवा.

## ८. शेअर करणं टळतच नसेल तर

आधी एक भ्रम दूर करतो. ‘म्यूटेक्स काढून ॲटॉमिक टाकलं, ॲटॉमिकचा क्रम रिलॅक्स्ड केला (म्हणजे आजूबाजूच्या वाचन-लेखनाच्या क्रमाची हमी सोडली), आता जलद होईल.’ थोडं होईलही. पण कॅश लाइनचा प्रवास यातल्या कशानेही वाचत नाही. एक्स८६ वर तर रिलॅक्स्ड बेरीज आणि सगळ्यात कडक क्रमाची बेरीज, दोन्हींसाठी कंपायलर लॉक उपसर्ग असलेल्या त्याच जातीच्या सूचना (प्रोसेसरच्या आज्ञा) काढतो. स्पर्धा नसतानाही अशी सूचना इंटेलवर साधारण २० सायकल घेते. कमी करायची असते ती लेखनांची *संख्या*.

शेअर्ड क्रमांकावरून प्रत्येक थ्रेड ‘पुढचं काम’ उचलत असेल तर एकेक न उचलता शंभर किंवा हजारांची गठडी उचला. गठडी फार मोठी केली तर शेवटी एक थ्रेड राबतो आणि बाकी रिकामे बसतात, म्हणून दोन-तीन आकार मोजून बघा.

कमाल किंमत ठेवायची असेल किंवा झेंडा लावायचा असेल तर आधी वाचा, आणि खरोखर बदल करायचा असेल तरच लिहा. झेंडा आधीच लावलेला असेल तर पुन्हा तोच लावणं हेही लेखनच आहे, आणि त्यानेही इतरांच्या प्रती बाद होतात.

काउंटर सतत वाढतं पण क्वचित वाचलं जातं, अशी स्थिती असेल तर ते अनेक तुकड्यांत वाटा आणि वाचताना बेरीज करा. २०१४ च्या जावा ८ मधला लाँगॲडर हेच करतो, आणि लिनक्स कर्नलमधली दर-सीपीयू काउंटर याच विचाराने बनलेली आहेत. वाचलेली किंमत त्या क्षणाची नेमकी असेलच असं नाही. आकडेवारीसाठी ते चालतं, बँकेच्या शिलकीसाठी चालत नाही.

## ९. वेगासाठी सुरक्षा काढू नका

ॲटॉमिक महाग पडतं हे कळल्यावर ते सरळ काढून टाकायचा मोह होतो. तसं करू नका. दोन थ्रेडनी एकाच वेळी ५ वाचले आणि दोघांनी ६ लिहिले, तर एक बेरीज गेली. सी आणि सी प्लस प्लसमध्ये अशा शर्यतीनंतर प्रोग्रामच्या वागण्याची भाषा काहीच हमी देत नाही.

व्होलाटाइल हा त्यावरचा उपाय नाही. जावामध्ये त्या शब्दाला थ्रेडच्या संदर्भात अर्थ आहे. सी आणि सी प्लस प्लसमध्ये तो बेरीज अखंड करत नाही आणि थ्रेडमधला क्रमही राखत नाही. उलट कंपायलरला रजिस्टर वापरू देत नाही, म्हणजे वेगही गेला आणि सुरक्षाही नाही.

प्रत्येक बदलानंतर थ्रेड सॅनिटायझरने कंपाइल करून एकदा चालवा. प्रोग्राम कित्येक पटींनी मंद होईल, म्हणून छोटं इनपुट द्या. फॉल्स शेअरिंग मात्र त्याला सापडणार नाही, कारण ती शर्यत नसते.

## १०. पर्फ सीटूसीने खात्री करा

अंदाज बांधून झाला, आता पुरावा. २०१७ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१० पासून पर्फमध्ये सीटूसी हा भाग आहे. एका कोअरने बदललेली लाइन दुसऱ्या कोअरने वाचायला मागितली, अशा घटनांचे नमुने तो गोळा करतो. त्यांना हिटएम म्हणतात. इंटेलवर तो सगळ्यात सहज चालतो, एएमडीवर कर्नल बऱ्यापैकी नवं लागतं.

प्रोग्राम डीबग माहितीसह, पण ऑप्टिमायझेशन चालू ठेवून कंपाइल करा. रेकॉर्ड करा, मग रिपोर्ट उघडा. वरच्या तक्त्यात सगळ्यात जास्त ओढाताण झालेल्या लाइन क्रमाने येतात. पहिली लाइन उघडली की तिच्यातल्या कोणत्या ऑफसेटवर (सुरुवातीपासून कितव्या बाइटवर), कोडच्या कोणत्या ओळीतून, कोणत्या सीपीयूने हात लावला ते दिसतं. आता वाचायचं असं: सगळे एकाच ऑफसेटवर असतील, समजा ० वर, तर ते खरं शेअरिंग आहे, पाचव्या आणि आठव्या पायरीकडे जा. वेगवेगळे थ्रेड ०, ८, १६, २४ अशा वेगवेगळ्या ऑफसेटवर असतील तर ते फॉल्स शेअरिंग, सहावी पायरी. हिटएम नगण्य असतील तर कॅश लाइनची ओढाताण हे तुमच्या मंदीचं कारण नाही. मग मेमरीची बँडविड्थ, लॉकवर झोपलेले थ्रेड किंवा कामाची असमान वाटणी तपासा.

थ्रेड कुठे चालतायत यावरही लक्ष ठेवा. हायपरथ्रेडिंगमध्ये एका कोअरचे दोन थ्रेड पहिल्या पातळीचा कॅश वाटून घेतात. तुमचे दोन थ्रेड योगायोगाने तिथे बसले तर फॉल्स शेअरिंग जवळजवळ दिसणारच नाही, आणि पुढच्या वेळी वेगळ्या कोअरवर गेले की वेळ उडी मारेल. मोजताना टास्कसेटने थ्रेड वेगवेगळ्या खऱ्या कोअरवर बांधा.

## ११. दोन सॉकेटचं मशीन असेल तर

मेमरीचं पान ज्या कोअरने पहिल्यांदा लिहिलं, त्या कोअरच्या सॉकेटजवळ लिनक्स ते ठेवतो. मुख्य थ्रेडनेच सगळा मोठा ॲरे शून्याने भरला तर सगळी मेमरी एका सॉकेटकडे जाते आणि दुसऱ्या सॉकेटचे थ्रेड कायम लांबून वाचत राहतात. ज्या थ्रेडला जो भाग वापरायचाय, त्यानेच तो भरावा. एका सॉकेटच्या मशीनवर ही पायरी सोडून द्या.

## बदल कोणत्या क्रमाने करावेत

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येकानंतर पहिल्या पायरीचा तक्ता पुन्हा. मी पाळतो तो क्रम असा: आधी लूपमधलं लेखन लोकल करणं, मग लायब्ररीतले लपलेले गणक, मग पॅडिंग, आणि ॲटॉमिकचे क्रम सैल करणं अगदी शेवटी, कारण त्यात फायदा सगळ्यात कमी आणि चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. यादीतलं एखादं शेअर्ड व्हेरिएबल सेकंदाला काही शे वेळाच लिहिलं जात असेल, तर त्याला हात लावू नका. त्याच्याभोवतीचा साधा म्यूटेक्स तसाच राहू द्या.